न पाहिलेला डोंगर

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली, तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान माझ्या हातात ठेवलं. “हे ऑइलमध्ये काढ.” साल 1986. आमच्या गावात तैलरंग म्हणजे दाराखिडक्यांचा, एवढंच माहीत.

चित्र होतं कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं, 1824-25 मधलं. डोंगराचं नाव वाट्समान, उंची 2713 मीटर. समोर तपकिरी खडक, मधे हिरवट टेकड्या आणि मागे बर्फाचं शिखर. माणूस एकही नाही. मूळ चित्र बर्लिनला आहे, 170 सेंटिमीटर रुंद. मी तोवर उत्तरेला दिसणारी गाविलगडची रांग सोडली तर डोंगर पाहिला नव्हता. सरांना तसं म्हटलं.

“पाह्य बाबू,” सर म्हणाले, “ज्यानं हे काढलं, तोही त्या डोंगरावर कधी गेला नाही. त्याच्या विद्यार्थ्यानं तिथं जाऊन जलरंगात काढून आणला होता. त्यावरून केलं त्यानं.”

त्या विद्यार्थ्याचं नाव आउगुस्ट हाइनरिश. 1822 मध्ये, तिशीच्या आतच तो गेला. गुरूचं हे चित्र त्याच्यानंतरचं. समोरचे खडक फ्रीडरिशने दुसऱ्याच, स्वतः पाहिलेल्या हार्त्स डोंगरातले घेतले. हे सगळं सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणला, त्याला सरस दिला, वर पांढरा हात. पानावर पेन्सिलीने चौकोन आखले आणि कापडावर तितक्याच संख्येचे, पण मोठे चौकोन. पहिला थर बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. त्यानंतरच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून थांबावं लागतं. रोज मधल्या सुट्टीत मी कोपऱ्यात हलकेच बोट लावून पाहायचो आणि परत वर्गात जायचो. एकदा धीर सुटला. ओल्या तपकिरीवर बर्फाचा पांढरा चढवला आणि शिखर चिखलासारखं झालं. सरांनी कापडाने सगळं पुसून काढलं, रागावले नाहीत.

रंगात मिसळायचं तेल बहुतेक जवसाचंच असतं, हे कळल्यावर मी घरून घाण्याचं तेल बाटलीत भरून नेलं. आमच्याकडे रब्बीत जवस असायचा, त्याची चटणी रोजची. सरांनी बाटली उजेडात धरली. “हे खायचं. रंगात याचा गाळ राहते, बर्फ पिवळा पडीन.” मी ऐकलं नाही, डाव्या उतारावर तेच वापरलं. तो उतार आज खरंच पिवळा आहे.

सगळ्यात जास्त दिवस मधल्या टेकड्यांना लागले. लांबचं फिकट आणि निळसर दिसतं, हे सर सांगून थकले. मला हिरवं म्हटलं की हिरवंच लावायचं असे. शेवटी डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी मला शाळेच्या गच्चीवर नेलं आणि गाविलगडकडे बोट केलं. जंगल हिरवं होतं हे मला ठाऊक होतं, दिसत होता धुरकट निळा. मी खाली येऊन अल्ट्रामरीनमध्ये पांढरा मिसळला.

पुढे मी नागपूरला चित्रकला शिकायला गेलो. सरांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. त्यांनी पत्रातून चिखलदऱ्याचा एक जलरंग मागितला. मी भीमकुंडाजवळ दोन दिवस बसून काढला आणि पाठवला. सरांनी त्यावरून केलेलं तैलचित्र काकूंनी गेल्या वर्षी मला दिलं. मागे माझी दरी आहे, माझे कडे आहेत. समोर मात्र शाळेमागचं जवसाचं शेत, निळ्या फुलांवर आलेलं.