वाल मरी: नांगर न लागलेला माळ

कॅनडातल्या स्विफ्ट करंट या शहराहून चार नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की सव्वा-दीड तासात वाल मरी येतं. वाटेत गव्हाची आणि मसुराची शेतं. भारतात येणाऱ्या आयात मसुरीतली बरीचशी या सस्कॅचवान प्रांतातलीच असते. मग हळूहळू शेतं मागे पडतात आणि नुसतं गवत सुरू होतं. मी सोलापूरजवळच्या नान्नजची. ते गवत दिसलं आणि गाडी कडेला घेऊन मी उतरलेच.

गाव सव्वाशे माणसांचं. एक जुनं लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार, मैलभरावरून दिसतं. जुन्या विटांच्या शाळेत छोटं संग्रहालय आहे. 1939 साली नन्ससाठी बांधलेल्या कॉन्व्हेंटच्या इमारतीत आता पाहुणे उतरतात. मीही तिथेच राहिले. आइस हॉकीतला मोठा खेळाडू ब्रायन ट्रॉटिये इथला. त्याने खेळाडू म्हणून सहा वेळा स्टॅनले कप, म्हणजे या खेळातला सर्वांत मानाचा चषक, जिंकला. एवढ्याशा गावाला त्याचा किती अभिमान असेल!

पण मी गेले होते ते गावाला लागून असलेल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानासाठी. कॅनडाच्या प्रेअरीचा, म्हणजे गवताळ माळरानाचा, बहुतेक भाग नांगराखाली गेला. इथे पाऊस कमी, थंडी कडक, म्हणून गुरं पाळणारेच टिकले आणि गवत शाबूत राहिलं. फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात प्रेअरी डॉगच्या वसाहती आहेत. नावात डॉग असलं तरी तो कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी. कॅनडात तो रानात फक्त या भागात आहे. एकाने ओरडून दोन पायांवर उसळी घेतली की शेजारचा घेतो, मग त्याच्या शेजारचा, आणि ती लाट पार टेकडीपर्यंत जाते. मी तासभर तिथून हलले नाही. त्यांच्या सोडलेल्या बिळांत एक छोटं घुबड घरटं करतं, आपल्या पिंगळ्याचं जवळचं नातलग. गवत मोडलं तर यातलं काहीच उरणार नाही.

माहिती केंद्रात सेज ग्राउस या पक्ष्याचं चित्र पाहिलं आणि पोटात कालवलं. नर गळ्याखालच्या पिशव्या फुगवून उघड्या माळावर मादीसाठी नाचतो. अगदी आमचा माळढोक! त्याच्यासाठी आमच्याकडे 1979 साली अभयारण्य झालं. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. सेज ग्राउसही कॅनडात थोडेच उरलेत. दोन्हीकडे दुखणं एकच: माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून ती मोडत जाणं. ‘पडीक’ हा शब्द मला लहानपणापासून टोचतो. आमचे आबा त्याच माळावर मेंढरं चारत आलेत.

इथे माणसांनी काही परत आणलंय, हे मला फार मोलाचं वाटतं. डिसेंबर 2005 मध्ये अल्बर्टातल्या एल्क आयलंड या राष्ट्रीय उद्यानातून 71 बायसन, म्हणजे तिकडचे केसाळ रानबैल, इथे आणले. शंभरावर वर्षं या खोऱ्यात बायसन नव्हते. हिमयुगात बर्फाने आणून टाकलेले मोठाले धोंडे माळावर आहेत. पूर्वीच्या कळपांनी अंग घासून घासून त्यांच्या कडा गुळगुळीत केल्या. हात फिरवून पाहिला, पाट्यासारखा थंड आणि सुळसुळीत. एका धोंड्याच्या खाचेत तपकिरी लोकरीचा झुबका अडकला होता. नव्या कळपातला कुणीतरी परवा-तेरवाच येऊन गेला असणार.

रात्री नऊला, म्हणजे नान्नजच्या सकाळी साडेआठला, आबांना फोन लावला. व्हिडिओ दाखवला.

“आगं, ह्यो तर आपलाच माळ की,” आबा म्हणाले. “पाऊस किती पडतो?”

“आपल्यापेक्षाही कमी, आबा.”

त्यांनी बायसन बराच वेळ पाहिला. मग धोंड्याचा फोटो पुन्हा दाखवायला लावला.

“ती लोकर बघू. जरा जवळनं धर.”

मी फोटो मोठा केला.

“मऊ असंल,” ते म्हणाले. “हात लावून बघितलास का?”

“बघितला, आबा. मऊ आहे.”