जुन्या गोव्यातली राणी

आज जुन्या गोव्यात सगळे बॉम जीझस चर्चच्या रांगेत, आणि आम्ही मायलेकी टेकडीवर, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याखाली. जांभा नुसता तापलेला. आई म्हणाली, "हे पडकं बघायला एवढ्या उन्हात आणलंस?" मग तिला केतेवानची गोष्ट सांगितली.

जॉर्जियाची राणी. धर्म सोडत नाही म्हणून १६२४ मध्ये शिराझला इराणच्या शाह अब्बासने तिला हाल हाल करून मारवलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथे आणल्या. पुढे चर्चच कोसळलं. उत्खननात हाताचं हाड मिळालं, पण कुणाचं? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला, म्हणजे आईकडून लेकरांना मिळतो तो. त्यावरून आईकडचा वंशगट निघाला यू१बी. हजारो भारतीय नमुन्यांत तो नव्हताच, जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत मात्र सापडला! (दोनच म्हणजे कमी वाटतात खरे, पण जुन्या पोर्तुगीज कागदांत अस्थी ठेवल्याची लिहिलेली जागाही जुळत होती.) २०२१ मध्ये त्या अवशेषांतला एक भाग जॉर्जियाला दिला.

आई जरा वेळ गप्प. मग पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढत म्हणाली, "आणि त्या मेल्या शाहाचं काय झालं?"