झुरळाच्या तोंडाला पाणी

दुपारी पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर झुरळ. पळायचं सोडून मिशा हलवत उभं. मिशा कसल्या, नाकच ते! मी चप्पल उचलली आणि नको तेव्हा नको ते आठवलं.

२००७ साली जपानी संशोधकांनी झुरळांना आधी एक वास दिला, लगेच साखरपाणी दिलं. असं काही वेळा झाल्यावर नुसत्या वासानेच त्यांची लाळ वाढली. तोंडाला पाणी सुटणं म्हणतो ते हेच की! पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या, खाण्याच्या नुसत्या इशाऱ्याने लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचं कौतुक कितीदा ऐकलं. झुरळाचं कुणी सांगितलं नव्हतं.

मधमाशी तर फारच हुशार. तिला बारीक नळीत डोकं तेवढं बाहेर ठेवून अडकवतात, वास सोडतात आणि मिशीला साखरपाण्याचा थेंब लावतात. चटकन सोंड बाहेर येते. एकदोनदा असं झालं की पुढच्या वेळी थेंबाची गरज नाही, वास आला की सोंड बाहेर. क्रम मात्र पाळायचा. आधी साखर आणि मागून वास, हे तिला पटत नाही. मेंदूत पेशी जेमतेम दहा लाख. मला सतराचा पाढा शंभरदा घोकूनही आला नव्हता.

पण एक धडा मीही एका फटक्यात शिकलोय. लहानपणी तापात मिळणाऱ्या औषधाला संत्र्याचा वास होता. झाकण उघडलं की मी पांघरुणात. आई म्हणायची, "नाक धर आणि गीळ." ताप गेला, वास राहिला. आजही शेजारी कुणी संत्रं सोललं की माझी जीभ आपोआप टाळ्याला चिकटते. बिचाऱ्या संत्र्याचा यात काय दोष?

झुरळांचंही असंच. त्यांना मुळात पेपरमिंटपेक्षा व्हॅनिला आवडतो. पण पेपरमिंटबरोबर साखर आणि व्हॅनिलाबरोबर मीठ दिलं की आवड उलटी होते. 'मला नाही बाई आवडत' असं ठसक्यात सांगणारी माणसं आठवली. त्यांना कोणी, कधी मीठ चारलं असेल?

हे सगळं मनात चाललेलं, हातात चप्पल तशीच. झुरळाच्या मिशा अजून हलत होत्या. ओट्यावर कसला वास येत होता कोण जाणे, मला तर काही येत नव्हता.

शेवटी चप्पल मारली. नेम चुकला, ती गोष्ट वेगळी.