पावणेचार तारे आणि एक पेरू

आज संध्याकाळी भाऊजी जेवायला येणार, म्हणून नाशिकच्या एका दुकानात वाईन घ्यायला गेलो आणि पाऊण तास मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिलो. व्हिविनो! बाटलीच्या लेबलचा फोटो काढायचा, की पाचपैकी किती तारे आणि जगभरातले लोक काय म्हणतात ते समोर. २०१० साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेलं हे अ‍ॅप. संस्थापकांपैकी हाइनी झाकारियासन मूळचे फॅरो बेटांचे, जिथे द्राक्षाचा वेलही धड रुजायचा नाही. आणि मी द्राक्षांच्या गावात उभा राहून त्यांचं अ‍ॅप उघडतोय!

गंमत म्हणजे तारे फारसं काही सांगतच नाहीत. बहुतेक बाटल्या साडेतीन ते चारच्या मध्ये घुटमळतात. खरी मजा लोकांच्या शेऱ्यांत. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनवर कुणी ‘गूजबेरी’, कुणी ‘ओला दगड’ लिहिलेलं. गूजबेरी मी जन्मात खाल्लेली नाही. ओला दगड मात्र गोदाघाटावर भरपूर हुंगलाय. तेवढ्यात एकाचा शेरा दिसला: पेरू. बस्स, तीच घेतली.

घरी आल्यावर भाऊजींनी घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून.

“मीठ-तिखट आहे का थोडं?”

आता शेरा मीही टाकलाय. चार तारे. सोबत काय खावं, तर मसाला शेंगदाणे.