साताऱ्याहून ‘बालगंधर्व’ला: दोघांनी पाहिलेले ‘सौभद्र’

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कसा साजरा करावा, असा विषय घरात निघाला तेव्हा पत्नीने लगेच पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरात होणाऱ्या ‘संगीत सौभद्र’चे नाव घेतले. माहेरी तिचे वडील याच नाटकातील पदे पेटीवर वाजवीत असत. पण संपूर्ण प्रयोग तिने रंगमंचावर कधीच पाहिला नव्हता. वर्तमानपत्रात जाहिरात दिसली त्याच दिवशी मी मोबाइलवरून तिकिटे काढली. संगीत नाटकांचे प्रयोग मोजकेच होतात आणि मधल्या जागा सर्वांत आधी जातात, म्हणून येथे दिरंगाई करू नये.

प्रयोग शनिवारी रात्री साडेनऊचा होता. आम्ही दुपारी साताऱ्याहून एसटीने निघालो. सुमारे 110 किलोमीटरचे हे अंतर एरवी अडीच-तीन तासांत कापले जाते. परंतु कात्रजच्या अलीकडे वाहने तुंबल्यामुळे आम्हाला स्वारगेटला पोहोचायला तासभर अधिक लागला. हाताशी एवढा वेळ राखून निघालो होतो म्हणूनच जिवाची घालमेल झाली नाही. पुढे रिक्षा न करता आम्ही मेट्रो घेतली. स्वारगेटहून निघून जिल्हा न्यायालय स्थानकावर वनाझच्या दिशेची गाडी घ्यायची आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरायचे. तेथून रंगमंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जिल्हा न्यायालय स्थानकावर जमिनीखालच्या मार्गावरून उन्नत मार्गावर जायचे असल्याने बरेच वर चढावे लागते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ लिफ्टकडे वळावे. आम्ही वाटेत मंडईला उतरलो, कारण पत्नीला गजरा हवा होता. त्यासाठी मेट्रोचे तिकीट पुन्हा काढावे लागले, पण मोगऱ्याच्या त्या वासाने नाटकाला निघाल्याचा खरा आनंद तेथूनच सुरू झाला.

रंगमंदिरात निदान अर्धा तास आधी पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन. 8 ऑक्टोबर 1962 रोजी या वास्तूची कोनशिला स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. 15 जुलै 1967 रोजी ते गेले आणि 26 जून 1968 रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मतारखेला, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे, एक स्त्रीभूमिकेतले आणि एक नेहमीच्या वेशातले, हा इतिहास मनात ठेवून पाहिली की पाय तेथून हलत नाहीत.

आमच्या जागा मधल्या भागात आठव्या रांगेत होत्या. ऑर्गन आणि तबला रंगमंचापाशीच असल्याने अगदी पुढच्या रांगांत वाद्ये गायकाच्या स्वरावर चढतात, तर बाल्कनीतून चेहऱ्यावरचे बारकावे हरवतात. संगीत नाटकासाठी सातवी ते दहावी रांग मला सर्वांत योग्य वाटते. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली आणि पत्नी हलकेच म्हणाली, “अहो, बाबा पेटीवर हेच वाजवायचे.” त्यानंतर मध्यंतरापर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक 1882 मध्ये पुण्यात पहिल्यांदा रंगभूमीवर आले, आणि तरीही नवरा-बायकोने शेजारी बसून पाहावे असे याहून चांगले नाटक मला सुचत नाही. बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवलेला, तिचे मन अर्जुनावर जडलेले, अर्जुन संन्याशाच्या वेषात, आणि हा सारा गुंता सोडवणारा कृष्ण स्वतः मात्र रुक्मिणीचा रुसवा काढताना पुरता गुंतलेला. त्या प्रवेशात सभागृहातील कितीतरी जोडपी एकमेकांकडे पाहून हसत होती. आम्हीही त्यांत होतो. त्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला आणि गायकानेही ते दुसऱ्या वेळी नव्या ताना घेऊन अधिक खुलवले. आता प्रयोग संक्षिप्त करून सादर होतो, तरी तो तीन तासांच्या आसपास चालतो. मध्यंतरात बटाटावड्यासाठी गर्दी होते, म्हणून पडदा पडताच एकाने रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने चहा आणावा. आधी भरपेट जेवून येऊ नये, रात्री डोळे मिटू लागतात.

प्रयोग सुटला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्या वेळी मेट्रो बंद झालेली असते, म्हणून रात्रीच्या प्रयोगाला बाहेरगावाहून येणाऱ्यांनी डेक्कन परिसरात मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी. आम्ही तसे केले होते, त्यामुळे जंगली महाराज रस्त्याने सावकाश, पदे आठवत, खोलीपर्यंत चालत गेलो. इतके निवांत चालणे आम्हा दोघांच्या वाट्याला कित्येक वर्षांत आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परतताना, खंबाटकी घाट चढत असताना, पत्नीने वडिलांना फोन लावून रात्री ऐकलेल्या पदाच्या दोन ओळी गुणगुणल्या. त्यांनी तिकडून एक हरकत दुरुस्त करून दिली आणि पुढचा प्रयोग कधी आहे, असे विचारले. ते आता ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना नेताना रात्रीचा प्रयोग टाळून संध्याकाळचा घ्यायचा, तिकिटे बाल्कनीची न काढता खालची आणि कडेच्या खुर्चीची काढायची आणि साताऱ्याहून घरची गाडी करायची, असे आम्ही घाट संपण्याआधीच ठरवून टाकले.