आमची वाटचाल : मशीन कमी, बादल्या जास्त

मी मूळचा गोड्या पाण्यातला माणूस. म्हणजे गप्पी, मॉली, गोल्डफिश. 2009 ला सुरुवात केली तेव्हा दुकान वगैरे काही नव्हतं, पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याच्या मार्केटमधून पिशव्या भरून आणायच्या आणि डोंबिवलीत घरूनच विकायच्या, बायको म्हणायची बाथरूम तरी मोकळं सोडा. चार वर्षांनी ठाण्यात छोटा गाळा घेतला, मेहुणा पार्टनर म्हणून आला, आणि मग खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे समुद्री टँकची हाव सुटली.

पहिलं मोठं काम एका दातांच्या डॉक्टरांचं. दुबईच्या मॉलमधला टँक बघून आले होते आणि तसंच काहीतरी क्लिनिकच्या वर त्यांच्या फ्लॅटमध्ये हवं होतं. आम्ही दोघांनी महिनाभर रात्री जागून व्हिडिओ बघितले आणि त्यात जे जे दिसलं ते सगळं कोटेशनमध्ये टाकलं. खाली संप (टँकखालची दुसरी टाकी), पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, यूव्ही, दोन रिअ‍ॅक्टर, मोजून रसायन सोडणारा डोसिंग पंप, पाणी थंड करणारा चिलर, वर मोबाईलवर आकडे दाखवणारा कंट्रोलर. आणि हो, हीटर. ठाण्यात हीटर! परदेशातल्या यादीत पहिल्या नंबरवर होता म्हणून आम्हीही लावला, आजही मेहुण्याला आठवण करून दिली की तो विषय बदलतो. (पुण्या-नाशिकला डिसेंबरच्या रात्री लागतो, ते वेगळं.)

तीन महिन्यांत एका रात्री लाईट गेली. पंप बंद पडला की वरच्या टँकचं पाणी पाईपमधून उलटं खाली संपमध्ये यायला लागतं, ते अडवायला आम्ही महागडा व्हॉल्व्ह लावलेला, त्यात गोगलगाय अडकून तो अर्धा उघडाच राहिला. संप भरून वाहिला, डॉक्टरांच्या हॉलमधून पाणी खाली त्यांच्याच क्लिनिकच्या छतात. व्हॉल्व्हऐवजी संपमधून वर पाणी नेणाऱ्या रिटर्न पाईपला वरच्या टँकमधल्या पाण्याच्या लेव्हलच्या जरा खाली एक भोक पाडलं असतं तर हवा घुसून पाणी तिथेच तुटलं असतं, खर्च शून्य रुपये. डॉक्टर रागावले, पण खरं सांगतो, मासे पाणी सांडल्यामुळे गेलेच नाहीत, ते गेले ऑक्सिजन संपून, कारण पाणी हलायचं थांबलं होतं आणि खारं कोमट पाणी मुळातच ऑक्सिजन कमी धरतं. लाखोंच्या सेटअपमध्ये बॅटरीवर चालणारा पाचशे रुपयांचा एअर पंप नव्हता.

त्यानंतर वर्षभर आम्ही खाऱ्या पाण्याचं नावच काढलं नाही.

परत वळवलं ते एका रिटायर्ड मोटरमन काकांनी. त्यांच्याकडे मी गोड्या पाण्याचं खाद्य द्यायला गेलो होतो आणि हॉलच्या कोपऱ्यात तीन फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ (कोरल) वाढवलेला खाऱ्या पाण्याचा, काचेला लटकवलेला साधा फिल्टर, पाणी हलवणारा एक वेव्हमेकर, एक एलईडी, बस्स. आत लेदर कोरल हातभर पसरलेलं, मशरूम, झोएंथिड (सगळी मऊ कोरल), क्लाऊन माशांची जोडी. सहा वर्षं जुना टँक. मी विचारलं काका बाकीचं सामान कुठे लपवलंय, तर ते हसले आणि एक वही काढली. रोज सकाळी तापमान, खारटपणा, किती पाणी वरून घातलं. दर रविवारी दहा टक्के पाणी बदल. म्हणाले, "अरे बाळा, गाडी चालवताना जेवढे मीटर तेवढंच बघायचं, पण रोज बघायचं."

मग वाचायला लागलो तर कळलं की हे काही नवीन नाही, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्येच लिहिलं होतं की जिवंत दगड (समुद्रातले, बॅक्टेरिया वसलेले), ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालतो. कारण खरा फिल्टर दगडच आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि आतल्या बारीक भोकांत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला स्किमर जोडला, तो चांगलाच आहे, मासे जास्त असतील तर मीही लावतो. पण ही बॅक्टेरियाची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो आणि त्या काळात काचेवर तपकिरी थर आला की गिऱ्हाईक घाबरून नवीन मशीन घ्यायला धावतं. तिथे आम्ही फक्त थांबा म्हणतो.

आता मुद्द्याचं, मशीन किती लागतील हे आत काय ठेवणार त्यावर आहे. कडक कोरल सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत खेचतात म्हणून डोसिंग लागतं, मऊ कोरलला ते जवळपास लागतच नाही, पाणी बदलताना मिठातून मिळतं ते पुरतं. आणि आपल्याकडे रीफ बांधणारे सगळे कडक कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत त्याच यादीत. सी फॅन, फायर कोरल पण. त्यामुळे ते आम्ही ठेवत नाही, समुद्रातून काढलेला दगडही घेत नाही, सिरॅमिकचे दगड वापरतो आणि मऊ कोरल कागदपत्रं असतील तरच. कुणी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतं, त्याला चहा पाजून पाठवतो.

पैसे घालायचेच तर दोन ठिकाणी घाला असं आमचं सांगणं. एक म्हणजे पाणी. घरच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळलेलं असतं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर टाकला की साठ-सत्तर दाखवतो, आणि मग लोक विचारतात शेवाळ का येतं. उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावून टीडीएस शून्य करा. मीठ घातल्यावर खारटपणा 35 (हजारात 35 भाग), तो रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश बघून मोजणारं यंत्र) मोजा, प्लास्टिकच्या काट्याच्या मीटरला बुडबुडा चिकटला की तो खुशाल जास्त दाखवतो. (जुहूचं पाणी चालेल का? नाही. पावसाळ्यात तर बघूच नका.)

दुसरं तापमान. इथे मात्र मी साधेपणाचं कौतुक आवरतं घेतो. पुण्यात मे महिन्यात पाण्यावर साधा फॅन सोडला की तीन-चार डिग्री आरामात उतरतात, हवा कोरडी असते, फक्त उडालेलं पाणी रोज भरायचं, गोडं, खारं नाही. तोच फॅन ठाण्यात जूनमध्ये लावा, हवेतच एवढा दमटपणा की पाणी उडतच नाही. मग चिलर घ्यावाच लागतो, आणि तो गरम हवा हॉलमध्येच सोडतो, म्हणजे बाल्कनीकडे पाईप काढायची सोय आधी बघायची.

आज चाळीसेक टँकचा मेंटेनन्स आहे, दोन मुलं कामाला आहेत, बाईकवर कॅन बांधून पाणी पोचवतात. धंदा पाणी बदलण्यावर चालतो, सामान विकण्यावर कमी, आमचे सीए दरवर्षी विचारतात की मार्जिन कुठाय.

गेल्या महिन्यात एक इंजिनिअर मुलगा चौदा वस्तूंची यादी घेऊन आला. मेहुण्याने पेन काढून नऊ खोडल्या आणि एक बॅटरीचा एअर पंप वाढवला. मुलगा जरा हिरमुसला, पण घेतलं सगळं. परवा सेटअप करायला गेलो तर टेबलाखाली कंट्रोलरचा खोका, ऑनलाईन मागवलेला. मी काही बोललो नाही, टेबलावर एक कोरी वही ठेवली आणि बादली भरायला लागलो.