नंबर एक, माणूस एक, बिलं दोन

दूध संघाच्या बिलाचा दिवस असला की त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आमच्या ऑफिसातला फोन सकाळपासून तापलेला असतो. दर दहा दिवसांनी ठरलेलं: कुणाची कपात जास्त झालेली, कुणाचा खातेनंबर चुकलेला. साताऱ्याकडच्या एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला तेव्हा मी तोही त्यातलाच समजले. या सचिवांना सगळे तात्या म्हणतात.

"मॅडम, आमच्या नव्या सभासदाच्या बिलात तीनच दिवसांचं दूध दिसतंय. मानूस रोज दोन टाइम दूध घालतोय. वहीत हाय, पावतीवर हाय, तुमच्या बिलातच नाही."

"तात्या, केंद्राची एकूण लिटरची बेरीज जुळतेय का?"

"ती बरोबर हाय की. काट्याला काटा."

हे ऐकून मी हातातला चहा बाजूला ठेवला. दूध हरवलं असतं तर बेरीज कमी भरली असती. बेरीज पुरी आहे म्हणजे दूध सिस्टिममध्येच आहे, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर पडलंय.

बघितलं तर ते दुसऱ्याच्या नव्हे, त्याच्याच नावावर होतं. उत्पादकांच्या, म्हणजे दूध घालणाऱ्या सभासदांच्या, टेबलात (डेटाबेसमधल्या तक्त्यात) एकाच केंद्राचे, एकाच नंबरचे, एकाच नावाचे दोन रेकॉर्ड. एकाला बँक खातं जोडलेलं, दुसऱ्याचा तो रकाना रिकामा. खातं नसलेल्याचे पैसे बिलाचा प्रोग्रॅम होल्डवर टाकतो, म्हणजे सात दिवसांच्या दुधाचे पैसे तिथे अडकलेले. वर पशुखाद्याची कपात पूर्णच्या पूर्ण पहिल्या रेकॉर्डवर लागलेली. तीन दिवसांच्या दुधातून पोत्यांचे पैसे वजा केल्यावर त्या माणसाच्या हातात काय राहणार?

तात्यांना सांगितलं की याची दोन खाती पडली आहेत. ते म्हणाले, "नंबर एक, मानूस एक, मग बिलं दोन कशी? आमच्या वहीत एका नंबराला एकच पान असतंय. दुसरं पान काढायचं म्हटलं तरी त्याला नंबर कुठनं आणायचा?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या टेबलात त्याच नंबरचं दुसरं पान निघू कसं शकलं?

हे ॲप रेल्समधलं, म्हणजे रूबी भाषेतल्या वेब-फ्रेमवर्कमधलं, तेव्हा ६.१ आवृत्तीवर चालणारं, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. केंद्रावरचा टॅबलेट काट्याचं वजन आणि फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) मोजणाऱ्या मशिनचे आकडे घेऊन नोंद सर्व्हरला पाठवतो. तिथे साइडकिकचा (मागच्या मागे कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमचा) जॉब ती नोंद उचलतो आणि पहिलं काम म्हणून केंद्र आणि नंबर यांवर 'फाइंड ऑर क्रिएट बाय' चालवतो: उत्पादक सापडला तर तो घे, नाहीतर नवा तयार कर. रेल्स ४.० पासून, म्हणजे २०१३ पासून, ही मेथड या रूपात आहे आणि वापरायला इतकी सोयीची की कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही. शिवाय मॉडेलवर युनिकनेसचं व्हॅलिडेशनही, म्हणजे तोच नंबर आधी नाही ना ही तपासणी, लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, दार बंद आहे आणि कडीही लावलेली आहे.

एका केंद्रात एकाच नंबरचे दोन रेकॉर्ड असलेले सगळे उत्पादक मी क्वेरी मारून काढले. यादी लांबलचक नव्हती, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण नवा सभासद. दोन्ही रेकॉर्ड तयार झाल्याच्या वेळांत काही मिलिसेकंदांचं अंतर. शेजारी बसणारा सहकारी, ज्याच्या घरी आजही डेअरीला दूध जातं, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अगं, ही सगळी दोन्ही जनावरं असलेली घरं आहेत. पहिली नोंद बघ, एका रेकॉर्डला गाय, दुसऱ्याला म्हैस."

त्याच्या या एका वाक्याने कोडं सुटलं. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं मोजतात, म्हणून एका माणसाच्या एका वेळेला दोन नोंदी होतात. रेंज असेल तर पहिली वर जाते, तोवर दुसऱ्या किटलीचं माप चाललेलं असतं, सगळं सुरळीत. पण डोंगरातल्या केंद्रावर रेंज गेली की नोंदी टॅबलेटमध्ये साठतात आणि रेंज आली की सगळ्या एकदम सर्व्हरवर येतात. दोन जॉब, दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे), एकच नवा उत्पादक, एकच क्षण.

लॉगमध्ये ते जसंच्या तसं उमटलेलं होतं. पहिल्या जॉबने विचारलं, या नंबरचा कुणी आहे का? नाही. दुसऱ्याने विचारलं, नाही. मग पहिल्याच्या व्हॅलिडेशनने स्वतःची वेगळी सिलेक्ट क्वेरी मारली, कारण युनिकनेसचं व्हॅलिडेशन म्हणजे शेवटी आणखी एक चौकशीच. नाही. दुसऱ्याच्या व्हॅलिडेशनने विचारलं, नाही. चार चौकशा, चारही रिकाम्या, आणि त्यापाठोपाठ दोन इन्सर्ट, म्हणजे दोन नव्या ओळी, दोन्ही यशस्वी. पोस्टग्रेस नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर एका ट्रान्झॅक्शनचं (व्यवहाराचं) कमिट न झालेलं, म्हणजे अजून पक्कं न झालेलं, काम दुसऱ्याला दाखवत नाही, त्यामुळे दोघांनाही खरंच कुणी दिसलं नव्हतं. एररच्या लॉगमध्ये एक ओळही नाही, कारण एरर झालीच नव्हती.

मग तीन दिवसांचं दूध एकीकडे आणि सात दिवसांचं दुसरीकडे का? यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. 'फाइंड ऑर क्रिएट बाय'मधला शोधणारा भाग, 'फाइंड बाय', क्रम न लावता मिळेल ती एक ओळ घेतो. सुरुवातीला दर वेळी पहिला रेकॉर्ड हाती येत होता. मग तात्यांनी त्या माणसाचा खातेनंबर भरला. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत लिहिणं, आणि ती प्रत बहुतेकदा टेबलात दुसऱ्या जागी बसते. त्यानंतर शोधात दुसरा रेकॉर्ड आधी येऊ लागला आणि दूध तिकडे जमा व्हायला लागलं. म्हणजे खातं जोडल्यामुळेच त्याचे पैसे खातं नसलेल्या रेकॉर्डला गेले. असा विनोद मुद्दाम लिहायला बसलं तरी सुचणार नाही.

उपाय काय करायचा याला फार चर्चा लागली नाही: केंद्र आणि नंबर या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस स्वतःच नाकारेल. एकाने सुचवलं की रेल्स ६.० मध्ये, २०१९ साली आलेली 'क्रिएट ऑर फाइंड बाय' घ्या. ती आधी इन्सर्ट करून बघते आणि अडलं तरच शोधते. पण तिलाही युनिक इंडेक्स लागतोच. आणि आमच्याकडे रोजच्या नोंदींतले जवळजवळ सगळे उत्पादक जुनेच. प्रत्येक नोंदीला एक इन्सर्ट फसवायचा आणि सिक्वेन्सचा (आपोआप मिळणाऱ्या आयडींचा) एक आकडा वाया घालवायचा, हे मला पटेना. त्यातून युनिकनेसचं व्हॅलिडेशन ठेवलं तर ते इन्सर्टच्या आधीच अडवतं, डेटाबेसचा अपवाद (एरर) उठतच नाही, आणि हाती सेव्ह न झालेला, आयडी नसलेला रेकॉर्ड येतो. त्यापेक्षा जुनी मेथड ठेवून 'रेकॉर्ड नॉट युनिक' हा अपवाद पकडायचा आणि पुन्हा शोधायचं, हे सरळ. खरं तर तेही पकडलं नसतं तरी चाललं असतं: साइडकिक अडलेला जॉब आपणहून पुन्हा चालवतो, आणि दुसऱ्या खेपेला उत्पादक सापडतोच. २०२३ च्या ७.१ आवृत्तीपासून रेल्सची 'फाइंड ऑर क्रिएट बाय' हे पकडण्याचं काम स्वतःच करते, इंडेक्स मात्र आपणच द्यायचा असतो.

दुहेरी रेकॉर्डच्या जोड्या असताना इंडेक्स बनत नाही, म्हणून आधी त्या एकत्र करणं आलं. संध्याकाळच्या संकलनाच्या आधी साइडकिक थांबवला. येणाऱ्या नोंदी रेडिसच्या (साइडकिकची कामं साठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रांगेत उभ्या राहिल्या. खातं जोडलेला रेकॉर्ड ठेवायचा, दुसऱ्याच्या नोंदी आणि कपाती त्याच्याकडे वळवायच्या, मग दुसरा काढायचा. हा काढण्याचा भाग ऐकायला सोपा आहे, पण मॉडेलवर 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' होतं, म्हणजे उत्पादक काढला की त्याच्या नोंदीही जातात. नोंदी आधीच मेमरीत लोड झालेल्या असतील तर डेटाबेसमध्ये त्या वळवूनही डिस्ट्रॉय त्यांना घेऊनच जातं. आमची स्क्रिप्ट कॉपी केलेल्या डेटाबेसवर चालवली तेव्हा लिटरची बेरीज कमी भरली आणि ते तिथेच सापडलं. तात्यांच्या "काट्याला काटा"चा उपयोग असा झाला. डिस्ट्रॉयच्या आधी रीलोड (डेटाबेसमधून ताजं वाचन) घातल्यावर बेरीज जुळली, मग खऱ्या डेटाबेसवर चालवली आणि इंडेक्स बसला.

तरीही एक जोडी शिल्लक राहिली. केंद्र तेच, नाव तेच, नंबरही डोळ्यांना सत्तेचाळीसच, तरी इंडेक्सने तक्रार केली नाही. एका रेकॉर्डमध्ये आकडे इंग्रजी होते, दुसऱ्यात देवनागरी. केंद्रावरच्या पोराने टॅबलेटचा कीबोर्ड मराठीवर ठेवला होता. नंबरचा रकाना टेक्स्टचा, त्यामुळे डेटाबेसला ही दोन वेगळी माणसं. रूबीला देवनागरी आकड्यांचा 'टू आय' (मजकुराचं संख्येत रूपांतर) करायला सांगितलं तर शून्य मिळतं, म्हणजे तोही रस्ता बंद. शोधण्याच्या आधी 'टीआर'ने (अक्षराच्या जागी अक्षर घालणाऱ्या मेथडने) शून्य ते नऊ बदलून घेतले, पुढची शून्यं छाटली, आणि डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंट टाकला की या रकान्यात इंग्रजी आकड्यांखेरीज काही चालणार नाही. कीबोर्ड मराठीवर ठेवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मराठी माणूस मराठी आकडे लिहिणारच.

अडकलेल्या पैशांची पुरवणी बिलं दुसऱ्या दिवशी काढली. तात्यांचा पुन्हा फोन आला, त्यांना त्या बिलाची छापील प्रत हवी होती, गाय वेगळी आणि म्हैस वेगळी. "सभासदाला तोंडी सांगून पटत नाही, मॅडम," ते म्हणाले. छपाईचा तो फॉरमॅट आमच्याकडे नव्हता, तो त्याच दुपारी करून पाठवला.